लाइम रीजिस: कोण खरं त्या गावाचं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, डेव्हनच्या हद्दीला खेटून लाइम रीजिस वसलंय. वस्ती चार हजारांच्याही आत. १२८४ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने सनद दिली, तेव्हापासून नावात 'रीजिस', म्हणजे राजाचं. समोर समुद्रात वळत गेलेला 'कॉब' नावाचा दगडी धक्का, पूर्वेला ब्लॅक व्हेनचा सतत घसरणारा कडा, पश्चिमेला दरडींवर माजलेलं अंडरक्लिफचं रान.

अशा गावांच्या थोर रहिवाशांच्या याद्या ठिकठिकाणी सापडतात. त्यांत पंधरा दिवस हवापालटाला आलेल्या पाहुण्यालाही एक ओळ मिळते आणि अख्खं आयुष्य त्याच किनाऱ्यावर झिजवलेल्या बाईलाही एकच ओळ. हे मला पटत नाही. माझी कसोटी साधी आहे: त्या माणसाच्या कामातून लाइम वजा केलं तर मागे काय उरतं? या कसोटीवर मेरी ॲनिंग पहिली येते आणि बाकीचे बरेच मागे राहतात.

पण तिच्याआधी कडा समजून घ्यायला हवा. खालचा थर 'ब्लू लायस'चा. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा दगड), एकाआड एक. चुनखडी कडक, शेल मऊ. लाटा शेल कोरतात, मग आधार गेलेली चुनखडी तुटून खाली येते. त्याच्यावर काळपट चिकणमातीचे थर आणि सगळ्यांत वर, बऱ्याच नंतरच्या काळातला हिरवट वालुकाश्म. पावसाचं पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली उतरतं आणि चिकणमातीशी येऊन अडतं. मातीचा वरचा पृष्ठ बुळबुळीत होतो आणि वरचा सगळा भार समुद्राकडे सरकतो. म्हणून इथल्या दरडी बहुतेक करून ओल्या हिवाळ्यात किंवा त्याच्या मागोमाग कोसळतात. १८३९ च्या नाताळात पश्चिमेकडे बिंडनला शेतांसकट जमीन तुटून सरकली. विल्यम कॉनिबेअर आणि विल्यम बकलंड या दोन भूशास्त्रज्ञांनी तिथे जाऊन तिची तपशीलवार नोंद केली. मे २००८ मध्ये लाइम आणि शेजारचं चारमथ गाव यांच्या मधला सुमारे ४०० मीटरचा कडा कोसळला. त्यात भर म्हणजे एकोणिसाव्या शतकात सिमेंट आणि चुन्यासाठी किनाऱ्यावरचे चुनखडीचे ओटे खणून नेले गेले, त्यामुळे लाटांचा जोर मोडणारा नैसर्गिक बांधच कमी झाला.

या पडझडीवर ॲनिंग कुटुंबाचं पोट चालत होतं. मेरीचा जन्म २१ मे १७९९ चा. वडील रिचर्ड सुतारकाम करायचे आणि किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म पर्यटकांना विकायचे. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. पुढच्या वर्षी मेरीचा भाऊ जोसेफ याला सुमारे चार फूट लांबीची एक कवटी सापडली. तिचं धड मेरीने १८१२ मध्ये शोधलं, तेव्हा ती तेरा वर्षांच्या आसपास होती. मजूर लावून ते बाहेर काढलं गेलं. जहागीरदार हेन्री होस्ट हेन्ली यांनी ते २३ पौंडांना घेतलं, मग ते लंडनमध्ये विल्यम बुलक यांच्या संग्रहालयात प्रदर्शनाला लागलं आणि १८१९ मध्ये लिलावात ४५ पौंड ५ शिलिंगांना ब्रिटिश म्युझियमकडे गेलं. हा इक्थिओसॉर, माशाच्या आकाराचा प्राचीन समुद्री सरीसृप. एव्हरर्ड होम या शल्यविशारदाने १८१४ पासून त्याच्यावर सहा निबंध लिहिले. प्राणी कोणत्या गटातला हे त्यांना धड ठरवता आलं नाही, आणि तो कोणी शोधला हे त्यांनी एकदाही लिहिलं नाही.

मेरीचं काम म्हणजे किनाऱ्यावर फिरून शिंपले वेचणं, असा समज अजूनही दिसतो. तो चुकीचा आहे. कामाची रीत बघा. वादळ होऊन गेलं की ओहोटीच्या वेळेला निघायचं, कारण ताजी दरड पडलेली असते आणि पुढच्या दोन-चार भरत्यांत समुद्र तिचा चिखल धुऊन नेतो, त्याबरोबर हाडंही. म्हणजे हंगाम हिवाळ्याचा. थंडी, पाऊस आणि डोक्यावर सैल झालेला कडा. शेलमध्ये हाड दिसतं ते बहुधा एखाद्या काळ्या चकतीच्या नाहीतर कडेच्या रेषेच्या रूपात. तेवढ्यावरून ते मणक्याचं की बरगडीचं, आणि सांगाडा कोणत्या दिशेला आत गेलाय, हे ओळखायचं. इथे अंदाज चुकला की कुदळ सांगाड्यातूनच जाते. छोटा नग हातोडीने सुटतो. मोठ्यासाठी माणसं लावून भोवतीच्या खडकासकट तुकडे उचलावे लागतात, आणि तेही पाणी परत चढायच्या आत. घरी आल्यावर खरं काम सुरू होतं: हाडाला धक्का न लावता दगड उतरवणं, सुटे तुकडे जुळवणं, लाकडी चौकटीत सिमेंटने बसवणं आणि त्याचं चित्र काढणं. मोठ्या सांगाड्याला यात महिने जात.

हाडं कशी जुळतात हे समजावं म्हणून तिने आजचे मासे आणि माकुळ कापून पाहिले. शास्त्रीय निबंध विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून ती ते आकृत्यांसकट हाताने उतरवून घ्यायची. शाळा जवळजवळ नाहीच. जे थोडं लिहा-वाचायला आलं ते चर्चच्या रविवारच्या शाळेत.

डिसेंबर १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्याच्या मानेत ३५ मणके मोजले गेले. पॅरिसमध्ये बसलेल्या जॉर्ज क्यूव्हिए या नामांकित शरीररचनातज्ज्ञाला हे अशक्य वाटलं. दोन प्राण्यांची हाडं जोडली असावीत, अशी शंका त्याने घेतली. त्याच्यासारख्या माणसाने खोटेपणाचा शिक्का मारला असता तर मेरीचा धंदा तिथेच संपला असता, कारण तिची सगळी विक्री विश्वासावर चालायची. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत १८२४ च्या सुरुवातीला यावर खल झाला, सांगाडा अस्सल ठरला आणि क्यूव्हिएने आपली चूक मान्य केली. सांगाडा सोसायटीपुढे सादर केला कॉनिबेअर यांनी. त्यांच्या निबंधात मेरीचं नाव नाही. त्या सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. १८२८ मध्ये तिने शोधलेला टेरोसॉर, म्हणजे उडणारा सरीसृप, हा जर्मनीबाहेर मिळालेला पहिला होता. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे, तोपर्यंत 'बेझोआर' म्हटले जाणारे गोळे फोडले की आत माशांची हाडं आणि खवले निघतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती विष्ठा आहे हे बकलंड यांनी १८२९ मध्ये मांडलं आणि त्या गोळ्यांना कॉप्रोलाइट नाव दिलं.

पैशाचं गणित मात्र कायम डळमळीत राहिलं. वर्षभरात मोठा नग मिळाला तर मिळाला, नाहीतर किरकोळ ॲमोनाइट, म्हणजे चक्राकार शिंपल्यांचे जीवाश्म, विकून भाडं भागवायचं. १८२० मध्ये घरातलं सामान विकायची वेळ आली होती. तेव्हा थॉमस बर्च या संग्राहकाने आपला संग्रह लिलावात काढला आणि आलेले सुमारे ४०० पौंड ॲनिंग कुटुंबाच्या हाती ठेवले. १८२६ मध्ये तिने दर्शनी काचेचं दुकान असलेलं घर घेतलं. १८३० मध्ये हेन्री डी ला बेश यांनी तिच्या शोधांवरून प्राचीन समुद्राचं एक चित्र रंगवलं आणि त्याच्या छापील प्रती तिच्या मदतीसाठी विकल्या. हे डी ला बेश तरुणपणी लाइममध्येच राहिलेले, मेरीबरोबर किनारा पालथा घातलेले. पुढे १८३५ मध्ये ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ते पहिले प्रमुख झाले. याद्यांमध्ये त्यांना फारच कमी जागा मिळते. १८३३ च्या ऑक्टोबरात दरड पडून मेरीचा कुत्रा ट्रे तिच्या पायाशी गाडला गेला. १८३५ पासून तिला वर्षाला २५ पौंडांचं निवृत्तिवेतन मिळू लागलं. ९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. वय ४७.

फिलपॉट बहिणींबद्दल मला विशेष आस्था आहे. मेरी, मार्गारेट आणि एलिझाबेथ या तिघी १८०५ मध्ये लंडनहून लाइमला राहायला आल्या आणि कायमच्या राहिल्या. एलिझाबेथ मेरी ॲनिंगपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठी, वर्गाने वरची, तरी दोघी बरोबरीने किनाऱ्यावर जायच्या. एलिझाबेथचा हातखंडा जीवाश्म माशांचा. १८३४ मध्ये जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई अगासी आला तेव्हा त्याने या दोघींच्या ज्ञानाचा उघड आदर केला आणि माशांच्या जातींना दोघींची नावं दिली. बेलेम्नाइट या माकुळासारख्या प्राचीन प्राण्याच्या जीवाश्मात वाळलेली शाईची पिशवी सापडली, तेव्हा एलिझाबेथने ती शाई पाण्यात कालवून त्या शाईने चित्र काढलं. वीस कोटी वर्षांची शाई चालते, हे करून बघायची बुद्धी तिला झाली. या बहिणींचा संग्रह आज ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यांच्याच घराण्यातल्या थॉमस फिलपॉट यांनी लाइमचं संग्रहालय बांधवलं, ते मेरी ॲनिंगच्या जन्मघराच्या जागेवर.

आजही लोक तिथे जीवाश्म शोधायला जातात, म्हणून कामाचं थोडं सांगतो. पाणी उतरायला लागलं की निघायचं आणि ते तळाला जाण्याच्या सुमारास परतीला लागायचं. भरती येताना लाइम आणि चारमथ यांच्या मध्ये कड्याला पाठ लावून अडकायला होतं. कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही आणि ताज्या चिखलावर पाय द्यायचा नाही, तो माणूस गिळतो. कडा खणायचा नाही. सुट्या गोट्यांत शोधायचं. कॉबच्या पश्चिमेला मन्मथ बीचवरच्या ओट्यांत रुतलेले मोठाले ॲमोनाइट फक्त बघायचे. शास्त्रीय महत्त्वाचं काही मिळालं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंद करायची.

घरी आणलेला सोनेरी ॲमोनाइट पुढे पिठासारखा विरघळला, ही तक्रार नेहमीची. तो पायराइटचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचा असतो. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होतं आणि ते जीवाश्माला आतून खातं. आधी फिकट पिवळी-पांढरी पूड दिसते, मग गंधकाचा वास, मग तडे. गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बरेचदा बदलून आधी समुद्राचं मीठ काढायचं. मग पूर्ण कोरडा करून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवायचा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहील असा. ओलसर नगावर वार्निश मारणं ही सर्रास होणारी चूक. ओल आत कोंडते आणि काम लवकर बिघडतं.

आता एलिनॉर कोड. जन्म एक्सेटरचा, १७३३ चा. तिचा कृत्रिम दगडाचा कारखाना लंडनच्या लँबेथमध्ये. लाइममध्ये तिचं 'बेलमाँट' हे घर होतं, काका सॅम्युएल यांनी १७८४ मध्ये दिलेलं. म्हणजे माझ्या कसोटीवर ती अर्धीच लाइमची. पण त्या घराची दर्शनी भिंत हा तिच्या मालाचा राहत्या वास्तूवरचा नमुना आहे, आणि माल इतका अव्वल की तिला वगळणं अन्याय होईल.

१७६९ मध्ये तिने डॅनियल पिंकट याचा डबघाईला आलेला कृत्रिम दगडाचा कारखाना घेतला आणि दोन वर्षांत त्याला काढून टाकलं. तिथे बनणारा 'कोड स्टोन' हा दगड नाही, ती भाजलेली माती आहे. मिश्रणात साधारण ६० टक्के डॉर्सेट-डेव्हनची पांढरी बॉल क्ले, १० टक्के आधीच भाजलेल्या मातीचा चुरा, ५ ते १० टक्के कुटलेली चकमक, तितकीच क्वार्ट्झची बारीक वाळू आणि १० टक्के काचेची भुकटी. खरी करामत भाजलेल्या चुऱ्याची. तो एकदा आकसून झालेला असतो, दुसऱ्यांदा आकसत नाही, त्यामुळे मोठी मूर्तीही भट्टीत फार वाकडीतिकडी होत नाही. एकूण आकसणं आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर सेंटिमीटरचा पुतळा हवा तर मूळ नमुना जवळपास १०९ सेंटिमीटरचा करावा लागतो. काच भट्टीत वितळून कणांना घट्ट सांधते, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि थंडीत गोठून दगड फुटत नाही. मातीच्या नमुन्यावरून साचा घ्यायचा, त्यात मिश्रण दाबून बसवायचं, मूर्ती आतून पोकळ ठेवायची, भाग जोडून हाताने बारकावे कोरायचे, सावकाश वाळवायचं आणि ११०० ते ११५० अंश सेल्सियसला सलग चार दिवस भाजायचं. चार दिवस उष्णता सगळीकडे सारखी ठेवणं हेच अवघड. एका बाजूला आच कमी-जास्त झाली की तडा. साचा हाती असल्यामुळे एकच मूर्ती पुन्हापुन्हा काढता यायची, दगड कोरणाऱ्याला ते जमण्यासारखं नव्हतं. आज जुन्या कामांत जिथे फूट दिसते तिथे बऱ्याचदा दोष मातीचा नसून आत घातलेल्या लोखंडी सळीचा असतो. गंजून ती फुगते.

ती 'मिसेस' कोड म्हणवली जायची, पण तो नुसता मानाचा शब्द. लग्न तिने केलं नाही. त्या काळच्या कायद्याने बाईचं लग्न झालं की तिची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जायची, आणि कारखाना तिच्याच हातात राहिला तो अविवाहित राहिल्यामुळे. १८२१ मध्ये ती वारली. मृत्युपत्रात तिने काही विवाहित मैत्रिणींना पैसे ठेवले आणि त्यांच्या नवऱ्यांचा त्यावर हक्क नसेल असं लिहून ठेवलं. वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा मोठा सिंह तिच्यामागून, १८३७ मध्ये, याच मिश्रणातून घडला आणि अजून टवटवीत आहे.

बंदराने घडवलेल्यांत थॉमस कोरम सगळ्यांत मोठा. जन्म लाइममध्ये १६६८ च्या सुमारास, अकराव्या वर्षी समुद्रावर, मग जहाजबांधणी, त्यातली दहा वर्षं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला. परतल्यावर लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली तान्ही मुलं बघून त्याने अनाथालयाचा ध्यास घेतला आणि सतरा वर्षं दारोदार फिरला. अडचण अशी, की अनौरस मुलांना आसरा दिला तर अनीती वाढेल, असं प्रतिष्ठितांना वाटायचं. त्याने मार्ग बदलला आणि सरदार घराण्यांतल्या २१ स्त्रियांच्या सह्या मिळवल्या. त्यानंतर पुरुषांना नाही म्हणणं जड गेलं. १७ ऑक्टोबर १७३९ रोजी फाउंडलिंग हॉस्पिटलला राजाची सनद मिळाली.

२५ मार्च १७४१ च्या रात्री दार उघडलं. नियम: मूल दोन महिन्यांच्या आतलं, संसर्गजन्य रोग नसलेलं, आईला काहीही विचारायचं नाही. त्या रात्री ३० मुलं घेतली आणि जागा संपली, बाहेर बायका उभ्याच. पुढे चिठ्ठ्यांसारखी पद्धत आली. पिशवीत हात घालून गोळी काढायची: पांढरी आली तर मूल आत, लाल आली तर थांबा, काळी आली तर परत. मूल पुढे ओळखता यावं म्हणून कापडाचा तुकडा किंवा एखादी खूण नोंदीबरोबर जपली जायची. १७५६ ते १७६० या काळात संसदेने पैसा दिला आणि येईल ते मूल घ्यायला लावलं. चार वर्षांच्या आत सुमारे १५,००० मुलं आली. इतक्या दाया नव्हत्या, वाटेतच कित्येक दगावली. बहुसंख्य मुलं वाचली नाहीत. कोरम तेव्हा हयात नव्हता. त्याच्याच संस्थेच्या कारभारी मंडळातून त्याला काही वर्षांतच बाहेर काढलं गेलं होतं, आणि म्हातारपणी वर्गणी काढून त्याची सोय करावी लागली.

ॲडमिरल जॉर्ज सॉमर्स हाही बंदराचाच, लाइमचा महापौर आणि खासदार झालेला. १६०९ मध्ये व्हर्जिनियाला निघालेलं त्याचं 'सी व्हेंचर' जहाज वादळात गळू लागलं. जहाज नवं होतं आणि फळ्यांच्या फटींत ठासलेला काथ्या सुटून आला. तीन दिवस पाणी उपसून त्याने ते २८ जुलैला बर्म्युडाच्या खडकांत घुसवलं आणि दीडशे जणांचे प्राण वाचवले. तिथल्या देवदारापासून आणि मोडक्या जहाजाच्या सामानातून दोन नवी जहाजं बांधून मंडळी पुढच्या मे महिन्यात जेम्सटाउनला पोचली. अन्न आणायला तो बर्म्युडाला परतला आणि १६१० मध्ये तिथेच वारला. हृदय तिथे पुरलं, देह लाइमला आणला.

ज्या कॉबवर तो देह उतरला तो तेव्हा ओकच्या खुंटांमध्ये रचलेल्या गोट्यांचा होता. ओहोटीला दगडाला रिकामी पिंपं बांधायची आणि भरतीने उचलला की तरंगत जागेवर न्यायचा, अशी ती बांधणी. १७५६ पर्यंत तो जमिनीला जोडलेलाही नव्हता. त्याच बंदरात १८२४ च्या मोठ्या वादळानंतर कॅप्टन रिचर्ड स्पेन्सर यांनी न बुडणाऱ्या जीवरक्षक नावेचे प्रयोग केले.

पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड १८०४ मध्ये इथे जन्मला आणि लहानपणीच गाव सोडून गेला. डार्विनने गालापागोसहून आणलेले फिंच पक्षी वेगवेगळ्या जातींचे आहेत हे १८३७ मध्ये त्यानेच ओळखलं. माणूस थोर, पण लाइमशी त्याचा संबंध जन्मदाखल्यापुरता. जेन ऑस्टेन १८०३ आणि १८०४ मध्ये राहून गेली, चित्रकार व्हिसलर १८९५ मध्ये. हे पाहुणे.

जॉन फाउल्सचं तसं नाही. हा कादंबरीकार १९६८ पासून २००५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कोडच्याच बेलमाँटमध्ये राहिला. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम कादंबऱ्यांपेक्षा वेगळं आहे: १९७९ ते १९८८ तो गावच्या संग्रहालयाचा मानद अभिरक्षक होता आणि गावाच्या इतिहासाची जुळवाजुळव त्याने मनापासून केली. त्याच्यानंतर घर जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क ट्रस्टकडे गेलं. नंतरची जोडबांधकामं काढून, कोडची दर्शनी बाजू आणि एका डॉक्टरने व्हिक्टोरियन काळात बांधलेली वेधशाळा दुरुस्त करून २०१५ मध्ये ते राहायला खुलं झालं.

मेरी ॲनिंगचा पुतळा गावात उभा राहिला तो मे २०२२ मध्ये, एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेतून. हातात हातोडी, शेजारी ट्रे. तिची कबर वरच्या सेंट मायकेल चर्चच्या आवारात आहे, आणि आत १८५० मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांनी बसवलेली रंगीत काचेची खिडकी. सांगाडे बघायचे असतील तर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जायला हवं. १८११ ची ती कवटीही तिथेच आहे.